विश्लेषण : प्लूटोपलीकडच्या बर्फाळ गोळ्यांची राखण कोण करणार?

जुलै २०१७ मधली गोष्ट. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाकडच्या पॅटागोनिया भागात ऐन हिवाळा होता. कोमोदोरो रिवादाविया हे तिथले वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध शहर. १७ जुलैच्या रात्री या शहराने एका अजब कामासाठी मदत केली. रस्त्यावरचे दिवे विझवण्यात आले. गाड्यांच्या दिव्यांचा उजेड नको म्हणून महामार्गावरची वाहतूक काही काळ थांबवण्यात आली. दुर्बिणी वाऱ्याने हलू नयेत म्हणून स्थानिकांनी आपले ट्रक आडवे लावून आडोसा केला. हे सगळे कशासाठी, तर आकाशातला एक अंधूक तारा जेमतेम सेकंदभर विझतो का, हे पाहण्यासाठी.

तो विझला. ओळीने लावलेल्या वीसहून अधिक दुर्बिणींपैकी पाच दुर्बिणींनी ते टिपले. पृथ्वीपासून सुमारे ६५० कोटी किलोमीटरवरचा, अवघ्या ३६ किलोमीटर लांबीचा एक बर्फाळ गोळा त्या ताऱ्यासमोरून सरकला होता आणि त्याची सावली पॅटागोनियावरून गेली होती. त्याआधी जूनमध्ये अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिकेत दुर्बिणी लावूनही सावली हुकली होती. या खेपेला नुसती सावलीच सापडली नाही, तर कोणत्या दुर्बिणीतून तारा किती वेळ दिसेनासा झाला यावरून गोळ्याचा आकारही कळला. तो गोल नव्हता. दोन गोळे एकमेकांना चिकटल्यासारखा होता.

दीड वर्षाने, १ जानेवारी २०१९ रोजी, नासाचे न्यू होरायझन्स हे यान या गोळ्यापासून ३,५०० किलोमीटर अंतरावरून गेले आणि पॅटागोनियातला अंदाज खरा ठरला. त्याचे नाव अ‍ॅरोकॉथ. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या पोहाटन भाषेत याचा अर्थ आकाश. माणसाने बनवलेल्या यानाने जवळून पाहिलेली ही आजवरची सर्वात दूरची वस्तू आहे.

हे आज सांगण्याचे कारण विज्ञानाइतकेच पैशाचेही आहे. अमेरिकी सरकारच्या २०२६ या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात नासाच्या विज्ञान विभागाचा निधी जवळपास निम्म्यावर आणण्याचा प्रस्ताव होता. बंद करायच्या मोहिमांच्या यादीत न्यू होरायझन्सचेही नाव होते. अमेरिकी संसदेच्या अर्थविषयक समित्यांनी ही कपात जशीच्या तशी मान्य केली नाही, हे खरे. पण धडधाकट चालणारे यान केवळ खर्च वाचवण्यासाठी बंद करता येते, ही कल्पना एकदा कागदावर आली की ती पुन्हा येते. आणि या यानाच्या बाबतीत ती कल्पना चुकीची आहे.

नाव कायपरचे, पण पट्टा त्याचा नाही

नेपच्यूनच्या पलीकडे, सूर्य-पृथ्वी अंतराच्या साधारण ३० ते ५० पट अंतरावर, बर्फाळ गोळ्यांचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. त्याला कायपर पट्टा म्हणतात. हे नाव तसे गंमतशीर आहे. जेरार्ड कायपर यांनी १९५१ मध्ये असे मांडले होते की, सूर्यमाला जन्मली तेव्हा तिथे असे गोळे असतील, पण प्लूटोने ते केव्हाच उधळून लावले असतील. त्या काळी प्लूटो पृथ्वीएवढा जड असावा असा समज होता. म्हणजे ‘तिथे आता काही उरले नसेल’ असे म्हणणाऱ्याचेच नाव पट्ट्याला मिळाले. त्यांच्या आधी, १९४३ मध्ये, केनेथ एजवर्थ यांनी तिथे असंख्य लहान वस्तू असाव्यात असे लिहिले होते. त्यांचे नाव मात्र फारसे कुणी घेत नाही.

पट्टा प्रत्यक्ष सापडायला १९९२ साल उजाडावे लागले. डेव्हिड ज्युइट आणि जेन लू हे दोघे हवाईतील मौना केआ पर्वतावरच्या दुर्बिणीने पाच वर्षे शोध घेत होते. एवढा वेळ घालवून हाती काहीच नाही, असा तो काळ होता. ३० ऑगस्ट १९९२ रोजी त्यांना ताऱ्यांच्या मागील पडद्यावर अगदी संथपणे सरकणारा एक ठिपका दिसला. प्लूटो आणि त्याचा उपग्रह शॅरन वगळता नेपच्यूनपलीकडे सापडलेली ही पहिली वस्तू. आज अशा काही हजार वस्तूंची नोंद आहे आणि शंभर किलोमीटरहून मोठ्या गोळ्यांची संख्याच एक लाखाच्या आसपास असावी, असा अंदाज आहे.

इतके गोळे असूनही सगळ्यांचे मिळून वजन पृथ्वीच्या एक दशांशही भरत नाही. गणित सांगते की तिथे सुरुवातीला याच्या कितीतरी पट माल असायला हवा होता. मग तो गेला कुठे? या प्रश्नाच्या उत्तरात एका भारतीय नावाचा मोठा वाटा आहे. दिल्लीच्या आयआयटीतून शिकून अमेरिकेत गेलेल्या रेणू मल्होत्रा यांनी १९९३ मध्ये प्लूटोच्या कक्षेचे कोडे सोडवताना असे दाखवले की, नेपच्यून आज जिथे आहे तिथे जन्मला नसावा. तो सूर्याच्या अधिक जवळ होता आणि हळूहळू बाहेर सरकत गेला. सरकताना त्याने वाटेतल्या काही गोळ्यांना आपल्या लयीत अडकवले.

ही लय समजायला सोपी आहे. नेपच्यूनच्या सूर्याभोवती तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लूटोच्या बरोबर दोन होतात. त्यामुळे प्लूटोची कक्षा नेपच्यूनच्या कक्षेच्या आत शिरते, १९७९ ते १९९९ या काळात तर तो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता, तरी दोघे कधीच समोरासमोर येत नाहीत. पुढे याच लयीत फिरणारे कितीतरी गोळे सापडले. नेपच्यून खरोखर सरकला होता याचा तो भक्कम पुरावा मानला जातो. ग्रह आपापल्या जागी जन्मले आणि तिथेच राहिले, असे सूर्यमालेचे शांत चित्र शाळेत शिकवले जाते. ते मोडीत निघाले, ते या किरकोळ वाटणाऱ्या गोळ्यांमुळे.

प्लूटोचा वाद आता पुरे

दुर्दैवाने या पट्ट्याविषयी सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचलेली बातमी एकच. ती म्हणजे प्लूटोची ‘हकालपट्टी’. २००५ मध्ये माइक ब्राउन आणि सहकाऱ्यांनी एरिस ही वस्तू जाहीर केली. ती प्लूटोएवढीच होती, किंबहुना वजनाने प्लूटोपेक्षा सुमारे २७ टक्के जास्त भरली. मग एरिसला दहावा ग्रह म्हणायचे की प्लूटोला खाली उतरवायचे, असा पेच आला. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने दुसरा पर्याय निवडला आणि ‘बटुग्रह’ हा नवा वर्ग केला. हजारोंच्या सदस्यसंख्येपैकी मतदानाला उरलेले जेमतेम चारशेच्या घरात होते, यावरून नंतर बराच धुरळा उडाला.

आपल्याकडेही त्याची हळहळ झाली. शाळेत पाठ केलेले नऊ ग्रह आणि पूजेतले नवग्रह यांच्या याद्या वेगळ्या आहेत. राहू-केतू एकीकडे, युरेनस-नेपच्यून दुसरीकडे. पण आकडा जुळत होता, आणि तो मोडल्याचे अनेकांना उगाच लागले. आजही प्लूटोची बातमी समाजमाध्यमांवर टाकली की खाली पहिली प्रतिक्रिया ‘तो ग्रह आहे की नाही’ हीच येते.

हा वाद निरर्थक नाही, पण त्याने फार जागा अडवली आहे. प्लूटोला कोणत्या रकान्यात बसवायचे याने प्लूटोत काडीचाही फरक पडत नाही. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स त्याच्याजवळून साडेबारा हजार किलोमीटरवरून गेले तेव्हा जे दिसले, ते कोणत्याही ‘ग्रहा’ला लाजवणारे होते. नायट्रोजनच्या बर्फाचे विस्तीर्ण मैदान, त्यात आजही खालून वर घुसळणारा बर्फ, कडेला पाण्याच्या बर्फाचे डोंगर. उणे २३० अंश सेल्सिअसच्या आसपास पाण्याचा बर्फ दगडासारखा कठीण होतो आणि नायट्रोजनचा बर्फ हिमनदीसारखा वाहतो. इतक्या लहान आणि थंड जगाला अजून आतून ऊब कशी, हा प्रश्न ‘ग्रह की बटुग्रह’ यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

भिंत रचली की पीठ मळले?

प्लूटो पुष्कळ बदललेला आहे. अ‍ॅरोकॉथ मात्र जवळजवळ बदललेलाच नाही आणि म्हणूनच तो जास्त मोलाचा. सूर्यापासून इतक्या दूर, इतक्या थंडीत, इतक्या विरळ वस्तीत राहिल्याने सुमारे साडेचारशे कोटी वर्षे त्याला कुणी हात लावलेला नाही.

ग्रह कसे बनले याविषयी दोन मते होती. एक असे की, लहान गोळे एकमेकांवर जोरात आदळत, फुटत, पुन्हा चिकटत मोठे होत गेले. दुसरे असे की, वायू आणि धुळीच्या तबकडीत खडीसारख्या कणांचे पुंजके तयार झाले आणि तो अख्खा पुंजका स्वतःच्याच गुरुत्वाने अलगद आत कोसळून एकदम गोळा तयार झाला. पहिल्या मतानुसार दगडावर दगड रचत भिंत बांधली गेली, दुसऱ्यानुसार परातीतले पीठ एकत्र ओढून गोळा मळला गेला.

अ‍ॅरोकॉथने दुसऱ्या मताच्या बाजूने साक्ष दिली. त्याचे दोन भाग जिथे जुळतात त्या मानेपाशी टकरीच्या भेगा नाहीत, चुरा नाही. एखादा माणूस चालतो तितक्या संथ वेगाने ते एकमेकांना टेकले असावेत. दोन्हींचा लालसर रंग सारखा, पृष्ठभागावरचे पदार्थ सारखे, दोघांचे अक्षही जवळपास एका दिशेत. वेगवेगळ्या ठिकाणी जन्मलेले दोन अनोळखी गोळे योगायोगाने भेटले असते तर एवढे साम्य दिसले नसते. २०२० च्या फेब्रुवारीत हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जो प्रश्न वर्षानुवर्षे संगणकावरच्या गणितांत अडकला होता, त्याला पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा मिळाला.

अर्थात हा एकच नमुना आहे. एका शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात, पण इथे पातेले फार मोठे आहे.

आपल्या रोजच्या जगण्याशी याचा संबंध काय, असा प्रश्न येतोच. पृथ्वीवर पाणी कुठून आले, याचे एक संभाव्य उत्तर धूमकेतू हे होते, आणि कमी कालावधीचे बहुतेक धूमकेतू याच प्रदेशातून सूर्याकडे येतात. युरोपच्या रोझेटा यानाने २०१४ मध्ये चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को या धूमकेतूवरच्या पाण्याची वाफ तपासली, तेव्हा त्यातले जड हायड्रोजनचे प्रमाण पृथ्वीवरील समुद्रांच्या तिप्पट निघाले. म्हणजे आपले पाणी त्याच्यासारख्यांकडून आलेले नाही. पण त्याआधी हार्टली-२ या धूमकेतूचे प्रमाण समुद्राशी जुळले होते. निकाल अजून लागलेला नाही.

सावल्या मोजणारे आपलेही लोक

यान पाठवणे महाग. पण पॅटागोनियात जे झाले ते त्या मानाने फारच स्वस्त होते. एखादी वस्तू ताऱ्यासमोरून जाताना तारा झाकला जातो, याला पिधान म्हणतात. चंद्राने तारा झाकल्याचे पिधान हौशी आकाशनिरीक्षक आजही उत्साहाने पाहतात. तेच तंत्र नेपच्यूनपलीकडच्या वस्तूंना लावले की दुर्बिणीत नुसता ठिपका दिसणाऱ्या गोळ्याचा आकार, त्याची कडी, त्याचे वातावरण असे सगळे कळू शकते. युरोपच्या गाया उपग्रहाने ताऱ्यांच्या जागा विलक्षण अचूक मोजल्या. त्यामुळे सावली नेमकी कुठून जाईल, हे आता आधी सांगता येते. अ‍ॅरोकॉथची सावली सापडली तीही या मोजमापांच्या आधारावर.

या कामात भारत नवखा नाही. १० मार्च १९७७ रोजी युरेनसने एक तारा झाकला तेव्हा तामिळनाडूतील कावलूर वेधशाळेतून जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांनी ताऱ्याचा प्रकाश आधीच क्षणभर मंदावल्याचे टिपले. तो युरेनसचा नवा उपग्रह असावा, असे त्यांना वाटले. त्याच रात्री अमेरिकी शास्त्रज्ञ उडत्या वेधशाळेतून हेच पाहत होते आणि निघाली ती युरेनसची कडी. त्या विमानातल्या वेधशाळेलाही कायपर यांचेच नाव होते.

अगदी अलीकडचे उदाहरण ६ जून २०२० चे. देशात टाळेबंदी नुकतीच सैल होत होती. नैनितालजवळच्या देवस्थळ येथील ३.६ मीटर आणि १.३ मीटर व्यासाच्या दुर्बिणींनी प्लूटोने एक तारा झाकल्याची नोंद केली. त्यावरून प्लूटोच्या पृष्ठभागावरचा हवेचा दाब १२.२३ मायक्रोबार निघाला. हा दाब पृथ्वीवर समुद्रसपाटीला असणाऱ्या दाबाच्या सुमारे ८० हजारांश आहे. १९८८ पासून प्लूटो सूर्यापासून दूर जात असूनही त्याच्या हवेचा दाब वाढत होता. २०१५ नंतर तो स्थिरावल्याचे या नोंदीने दाखवले. फ्रान्सचे ब्रुनो सिकार्डी हे शोधनिबंधाचे पहिले लेखक. पण पहिल्या सहा नावांत पवार, देशमुख आणि देशपांडे ही आडनावे आहेत. प्लूटोच्या हवेच्या इतिहासातला एक आकडा नैनितालच्या डोंगरावरून आला आणि त्यात मराठी माणसांचा वाटा आहे, ही बातमी आपल्याकडे जेवढी गाजायला हवी होती तेवढी गाजली नाही.

याच तंत्राने २०१७ मध्ये हौमिआ या बटुग्रहाभोवती कडे सापडले. २०२३ मध्ये क्वावार या गोळ्याभोवती कडे असल्याचे जाहीर झाले आणि सैद्धांतिक गणितच बुचकळ्यात पडले. ग्रहापासून ठरावीक अंतराच्या आत असलेल्या कणांनाच कड्याच्या रूपात राहता येते, त्याबाहेरचे कण एकत्र येऊन उपग्रह होतात, असे आजवर मानले जायचे. क्वावारचे कडे या मर्यादेच्या कितीतरी बाहेर आहे. या नोंदींमध्ये हौशी निरीक्षकांच्या दुर्बिणींचाही वाटा होता. मध्यम आकाराची दुर्बीण, बरा कॅमेरा आणि अचूक वेळ यावर इथे खरे विज्ञान होते. मुंबई-पुण्यापासून लहान शहरांपर्यंत खगोलप्रेमी मंडळे असलेल्या महाराष्ट्राने, विशेषतः इथल्या महाविद्यालयांनी, याकडे छंद म्हणून नव्हे तर काम म्हणून पाहायला हवे. अवकाश म्हटले की प्रक्षेपकच डोळ्यांसमोर येतो, ही सवय थोडी सोडावी लागेल.

यान बंद करून वाचणार किती?

आता मूळ मुद्द्याकडे. न्यू होरायझन्स १९ जानेवारी २००६ रोजी निघाले. म्हणजे प्लूटो अजून ग्रह होता तेव्हा. गुरूच्या गुरुत्वाचा झोका घेऊनही त्याला प्लूटोपर्यंत साडेनऊ वर्षे लागली. सूर्यप्रकाश अपुरा, म्हणून प्लुटोनियमच्या किरणोत्सर्गी उष्णतेवर वीज बनवायची. प्लूटोपाशी ती सुमारे २०० वॅट मिळत होती. घरातले तीन पंखे यावर धड चालणार नाहीत. तेवढ्या विजेवर कॅमेरे, संगणक, हीटर आणि कोट्यवधी किलोमीटरवरचे दळणवळण. संदेशाचा वेग सेकंदाला एक-दोन किलोबिट. प्लूटोपाशी काही दिवसांत गोळा केलेली माहिती पृथ्वीवर उतरवायला पंधरा महिन्यांहून अधिक काळ लागला आणि ती सगळी मिळून आजच्या मोबाइलमधल्या दोन-तीन चित्रपटांएवढी.

यान २०२४ मध्ये सूर्य-पृथ्वी अंतराच्या ६० पट अंतरापलीकडे गेले. तिथून निघालेला संदेश आपल्यापर्यंत यायला आठ तासांहून अधिक वेळ लागतो. वीज दरवर्षी थोडी थोडी कमी होते आहे, पण अजून बरीच वर्षे पुरेल.

ते बंद करावे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. अ‍ॅरोकॉथनंतर यानाच्या वाटेवर दुसरा गोळा सापडलेला नाही. जपानच्या सुबारू दुर्बिणीने खूप शोधले, अनेक नव्या वस्तू मिळाल्या, पण यानातले उरलेले इंधन पुरेल इतकी जवळ एकही नाही. लक्ष्यच नसेल तर खर्च कशासाठी, असे विचारणे रास्त आहे. मर्यादित पैशात नव्या मोहिमाही करायच्या असतात.

पण या प्रश्नाची वेळ चुकीची आहे. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली छायाचित्रे जाहीर केली. ८.४ मीटरचा आरसा आणि ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन ती पुढची दहा वर्षे दक्षिणेकडचे आकाश पुन्हा पुन्हा टिपत राहणार आहे. नेपच्यूनपलीकडच्या ज्ञात वस्तूंची संख्या त्यातून अनेक पटींनी वाढेल, अशी अपेक्षा आहे. न्यू होरायझन्सच्या वाटेवर एखादा गोळा असेलच असे नाही, पण शोधण्याचे साधन आता कुठे हाती आले आहे. कणसात दाणा भरायला लागल्यावर माचाण सोडून घरी जाण्यासारखे हे झाले.

शिवाय जवळून जाणे हेच एक काम नाही. पृथ्वीवरून कायपर पट्ट्यातला कोणताही गोळा नेहमी पौर्णिमेच्या चंद्रासारखा, समोरून उजळलेलाच दिसतो. तो बाजूने पाहता येत नाही. न्यू होरायझन्सला येतो. पृष्ठभाग खडबडीत आहे की भुसभुशीत, हे अशा तिरप्या प्रकाशातच कळते आणि दूरवरून पाहिलेल्या अनेक गोळ्यांबाबत यानाने ते काम केलेही आहे. सूर्यमालेच्या आतल्या धुळीच्या उजेडापासून इतक्या दूर गेल्याने अख्ख्या विश्वाचा मंद प्रकाश किती, हेही त्याच्याकडून मोजता आले.

आणि पर्यायी यान नाही. व्हॉयेजर याने या भागातून गेली तेव्हा पट्टा ठाऊकच नव्हता, आणि त्यांचे कॅमेरे १९९० पासून बंद आहेत. अमेरिकी शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये पुढच्या दशकासाठी जे प्राधान्यक्रम ठरवले त्यात मोठ्या मोहिमांमध्ये युरेनस पहिला आणि शनीचा उपग्रह एन्सेलाडस दुसरा आहे. ते योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की, कायपर पट्ट्यासाठी आज नवे यान ठरवले तरी आराखडा, बांधणी आणि प्रवास धरून दोन दशके कुठेच गेली नाहीत. मूळ मोहिमेवर सुमारे ७० कोटी डॉलर खर्च झाले. त्यापुढे आता ती चालू ठेवण्याचा वार्षिक खर्च किरकोळ आहे. बांधलेली विहीर दोराच्या खर्चासाठी बुजवणे याला काटकसर म्हणत नाहीत.

२०२३ मध्येही अशीच ओढाताण झाली होती. पट्ट्याचा अभ्यास थांबवून यान केवळ सौरवाऱ्याच्या नोंदींसाठी वापरावे, असा नासाचा विचार होता. शास्त्रज्ञांनी विरोध केला. सप्टेंबरमध्ये नासाने यान पट्ट्याबाहेर पडेपर्यंत, म्हणजे २०२८-२९ पर्यंत, मोहीम सुरू ठेवण्याचे जाहीर केले.

पण पट्टा संपतो कुठे? यानावर धूळ मोजणारे एक छोटे उपकरण आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेले. १९३० मध्ये प्लूटोचे नाव सुचवणाऱ्या अकरा वर्षांच्या व्हेनेशिया बर्नी या इंग्लंडमधील मुलीचे नाव त्याला दिले आहे. गणितानुसार पट्ट्याची कड जवळ आली की धूळ कमी होत जायला हवी होती. ५५ पट अंतर ओलांडल्यावरही ती अपेक्षेइतकी कमी झालेली नाही. कदाचित पट्टा ८० पट अंतरापर्यंत किंवा त्याहूनही दूर पसरला असेल. ऑगस्ट २०२५ मध्ये खर्च आणि वीज वाचवण्यासाठी यानाला दीर्घ सुप्तावस्थेत ठेवण्यात आले, तेव्हाही हे उपकरण सुरूच ठेवले होते.